स्वतः जोडायच्या विजेच्या ब्रूइंग संचाचा अभिप्राय: आठ वेळा बीअर केल्यानंतर

मिनेसोटात जानेवारीत अंगणात उभे राहून बीअर उकळणे हा हौसेपेक्षा हट्टाचाच भाग अधिक असतो. गेली चार वर्षे मी प्रोपेनच्या शेगडीवर हे करत होतो. पारा उणे २० अंशांपर्यंत उतरला की सिलिंडरमधील दाब घटून ज्योत मलूल व्हायची. शेगडी तळघरात नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये एका छोट्या ऑनलाइन विक्रेत्याकडून विजेच्या ब्रूइंग व्यवस्थेचा सुट्या भागांचा संच ४८० डॉलरना मागवला. (अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती वापरापुरती बीअर करण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय ती करता येत नाही, हे तिकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

संचात ५५०० वॉटचा स्टेनलेस स्टीलचा हीटर, तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर, तापमान मोजणारा पीटी१०० प्रोब, कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटरचा प्रवाह चालू-बंद करणारा ४० अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले म्हणजे एसएसआर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक, स्विच, आधीच भोके पाडलेला लोखंडी डबा आणि दहा गेजच्या तारा येतात. डब्याचे काम नीटस आहे, भोकांच्या कडा घासलेल्या आहेत आणि वायरिंगचा रंगीत आराखडा इतका स्पष्ट आहे की केवळ तो पाहून पॅनल, म्हणजे हे भाग बसवलेला डबा, दोन संध्याकाळांत जोडून झाला. पॅनलपर्यंतची ३० अँपिअरची लाइन मात्र मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ओढून घेतली आणि रीतसर तपासणीही करवून घेतली. ५५०० वॉटला २४० व्होल्टवर सुमारे २३ अँपिअर प्रवाह लागतो आणि तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी ३० अँपिअरच्या सर्किटवर २४ची मर्यादा धरतात. गणित जेमतेम बसते, त्यामुळे याहून मोठा हीटर लावण्याच्या मोहात कोणी पडू नये.

भारतात वायरिंग शिकलेल्या माणसाला इथे एक गोष्ट चकवते. सांगलीला वीज मंडळात उभी हयात घालवलेल्या माझ्या वडिलांना मी व्हिडिओ कॉलवर पॅनल दाखवला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, हीटरला न्यूट्रल कुठंय?" तो नसतोच. अमेरिकेतील २४० व्होल्ट म्हणजे प्रत्येकी १२० व्होल्टच्या दोन जिवंत तारा, त्यामुळे टेस्टर दोन्हींवर पेटतो. बाबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग एकच तार तोडून कसं चालेल?"

माझ्या मते या संचाची सर्वांत मोठी उणीव नेमकी हीच आहे. एसएसआर बंद होतो तेव्हा दोनपैकी एकाच तारेचा प्रवाह तोडतो, दुसरी हीटरपर्यंत जिवंतच राहते. शिवाय एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे कंट्रोलरने कितीही नाही म्हटले तरी हीटर तापतच राहतो. दोन्ही तारा एकदम तोडणारा कॉन्टॅक्टर पॅनलमध्ये असायलाच हवा आणि तो या संचात नाही. मी वेगळा विकत घेऊन समोरच्या स्विचवर जोडला; खर्च हॉप्सच्या (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) दोन-तीन पाकिटांइतका आला. गळती ओळखून तुटणाऱ्या जीएफसीआय ब्रेकरचा उल्लेखही माहितीपत्रकात "शक्यतो वापरावा" अशा सुरात येतो. आपल्याकडच्या घरांतील आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरला पडतो, इथला ५ला पडतो. आणि पाण्यात बुडालेला हीटर नि ओल्या फरशीवर उभा माणूस असा मामला असताना त्यात "शक्यतो" कुठे बसते, हे मला कळलेले नाही.

पहिल्याच चाचणीत नळाच्या पाण्याचे तापमान पडद्यावर भलतेच दिसू लागले. प्रोब खराब निघाला असे समजून मी तो परत पाठवणार होतो, पण कंट्रोलर कारखान्यातूनच थर्मोकपलवर, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या प्रोबवर, लावून आला होता. मेनूत पीटी१०० निवडताच आकडे ताळ्यावर आले. ही एक ओळ माहितीपत्रकात असती तर माझी संध्याकाळ वाचली असती. बर्फाच्या पाण्यात प्रोबने ०.२ दाखवले आणि उकळत्या पाण्यात ९९. आमचे शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने तेही बरोबरच होते.

त्याहून गंभीर प्रकार तिसऱ्या बॅचला घडला. उकळी सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली असतील, तेवढ्यात जुन्या इस्त्रीचा प्लग तापल्यावर येतो तसा वास आला. मेन बंद करून डबा उघडला, तर एसएसआरवरच्या एका स्क्रूखालची तार तपकिरी पडली होती आणि चिमटीत धरून ओढताच अलगद हातात आली. बहुपदरी तार नुसती पिळून स्क्रूखाली घालावी असे आराखड्यात दाखवले आहे आणि मीही मुकाट्याने तसेच केले होते. ढिल्या सांध्यातून २३ अँपिअर वाहिले की दुसरे काय होणार! त्यानंतर सगळ्या टोकांना थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, घेतली आणि प्रत्येक बॅचच्या आधी स्क्रू तपासतो. हीटसिंकही डब्याच्या आत बसवायला दिला आहे. पूर्ण भारावर एसएसआरमध्ये पंचवीस-तीस वॉट उष्णता तयार होते आणि बंद डब्यात ती जाणार कुठे? मी तो मागच्या बाजूने बाहेर काढला. विक्रेत्याला दोन्ही गोष्टी फोटोंसह कळवल्या, त्यावर दहा दिवसांनी "आभारी आहोत" एवढेच उत्तर आले.

एवढे सोपस्कार उरकल्यावर काम मात्र झकास होते. बत्तीस लिटर थंडगार पाणी ६८ अंशांवर यायला अर्धा तासही लागत नाही आणि त्यात भिजवलेली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) पिशवी काढल्यावर वर्ट, म्हणजे उरलेले गोड पाणी, बारा-तेरा मिनिटांत उकळतो. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या, १६०० वॉटच्या आसपासच्या तयार यंत्रांना त्याच टप्प्यासाठी पाऊण तास लागतो. पंपाने पाणी फिरते ठेवले तर मॅशचे, म्हणजे माल्ट भिजत असलेल्या पाण्याचे, तापमान तासभर अर्ध्या अंशाच्या आत राहते, आणि ६५ की ६८ यावरच बीअर कोरडी होणार की अंगाने भरलेली, हे ठरत असल्याने मला याचे मोल प्रोपेनच्या बचतीपेक्षा जास्त वाटते. हीटरच्या पृष्ठभागावर उष्णता विरळ पसरलेली असल्याने वर्ट करपत नाही. फक्त गव्हाच्या बीअरनंतर एक पातळ तपकिरी थर बसला होता, तो सायट्रिक ॲसिडने निघाला. एका बॅचला वीज सुमारे सात युनिट लागते.

वाफेचा विचार विक्रेत्याने केलेलाच नाही, अर्थात तो त्याचा विषयही नव्हे. तासाभरात चार लिटर पाणी उडते आणि पहिल्या दिवशी तळघराच्या खिडकीवरून ओघळ खाली येऊन भिंतीचा रंग फुगला. आता पातेल्यावर हूड आणि बाहेर हवा फेकणारा पंखा आहे.

मी पाचपैकी तीन तारे देतो. हीटर, प्रोब आणि डबा यांचे तीन. कॉन्टॅक्टर आणि थिंबल संचात येऊ लागली तर चौथाही देईन. ज्यांनी आजवर साधा स्विचबोर्डही उघडलेला नाही, त्यांनी हा संच न घेता जोडून तपासलेला पॅनल घ्यावा. त्याला दुपटीच्या आसपास पैसे पडतात.