खाणीचा पैसा गावाला कुठून मिळावा: सीएसआर की खनिज प्रतिष्ठान?

चंद्रपूरचा कोळसा असो की गडचिरोलीचे लोहखनिज, खाणीलगतच्या गावांकडे पैसा दोन वाटांनी येतो. दोन्ही एकच समजल्या जातात, तिथेच घोळ होतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, कंपनी कायदा, 2013 मधून आले. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम कंपनीने सामाजिक कामांवर खर्च करायची. कुठे, कशावर, हे संचालक मंडळ ठरवते. काम लवकर उभे राहते, हे मान्य. पण नफा आटला की निधीही आटतो, आणि गावाला विचारण्याचे बंधन नाही.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधितांसाठीचा जिल्हा पातळीवरचा न्यास, खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीतून आले. इथे नफ्याचा प्रश्नच नाही: खनिज निघाले की रॉयल्टीच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या खनिजशुल्काच्या, प्रमाणात जादा रक्कम भरावीच लागते, जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातून मिळालेल्यांना 10 टक्के. पाणी, आरोग्य, शिक्षणाला अग्रक्रम. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात ग्रामसभेची मंजुरी हवी. अडचण एकच, सूत्रे जिल्हा प्रशासनाकडे असतात आणि फाइल रेंगाळते.

माझा कौल प्रतिष्ठानाला. सीएसआरची रुग्णवाहिका जरूर घ्यावी, पण ग्रामसभेत हिशेब मागायचा तो आधी प्रतिष्ठानाच्या पैशाचा. तो बाधितांचा हक्क आहे.