मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात) वाचण्यासाठी घेतलं, त्याचा रिव्ह्यू

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पवित्र शास्त्र, मोठ्या टाइपातलं, चर्चच्या स्टॉलवरून घेतलं. घ्यावं का विचारणाऱ्यांना आधीच सांगते, घ्या. मोबाइलवर फुकट मिळतं हे मलाही माहितीय, माझ्या फोनमध्येही ॲप आहे, प्रवासात तेच वाचते, पण पश्चात्ताप आणि आज्ञापालन हा विषय धरून नीट बसून वाचायचं असेल तर छापील पुस्तकच बरं पडतं, कारण त्यात सारखं मागे-पुढे जावं लागतं, एक बोट लूकमध्ये अडकवून दुसऱ्या हाताने निर्गम काढायचं असं (ही बायबलच्या आतली पुस्तकं, पुढचा आकडा अध्यायाचा).

उदाहरणच देते. लूक 19 मधली जक्कयाची गोष्ट संडे स्कूलपासून सगळ्यांना पाठ असते, यरीहो, बुटका जकातदार, उंबराचं झाड. पण आठवं वचन जरा हळू वाचा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. हे चौपट आलं कुठून? निर्गम 22 काढा, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाला चार द्यायची. मग 2 शमुवेल 12, नाथान संदेष्टा गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो आणि दावीद चिडून म्हणतो त्या माणसाने चौपट भरून द्यावं, तेव्हा नाथान सांगतो की तो माणूस तूच, कारण दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली होती. आणि लेवीय 6 मध्ये दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचा, मेंढा आहेच, पण ज्याचं घेतलं त्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा, म्हणजे शंभराचे एकशेवीस. जक्कय तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं हो, त्याने स्वतःला मेंढरू चोरणाऱ्याचा दर लावून घेतला. आणि कोणी मागितलंही नव्हतं! येशूने एकही अट न घालता आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवलं, लोक कुरकुर करत होते तरी. मला पश्चात्ताप म्हणजे काय हे या चार पानांनी जेवढं समजलं तेवढं इतर कशानेच नाही.

आमच्या बायबल अभ्यासात हेच चाललं होतं, तिथे एक काका असतात, त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. नंतर काकूंकडून कळलं की भिंतीच्या रंगाचं कारण सांगून जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट कापलं होतं, ते त्यांनी पत्ता शोधून त्याच्या मुलाच्या हातात नेऊन दिलं, वर थोडी रक्कम घालून. मला हे चाळीस दिवस मटण सोडण्यापेक्षा खूप मोठं वाटतं, आणि मी उपवासाच्या विरोधात नाहीये, मीही करते.

लूक 3 पण नक्की वाचा. रानात उपदेश करणाऱ्या योहानाकडे लोक येऊन विचारतात आम्ही काय करावं, आणि तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कामातलं सांगतो. दोन अंगरखे असतील तर नसलेल्याला एक दे, जकातदारांनो ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, शिपायांनो धाक दाखवून पैसे उकळू नका, पगारात समाधानी राहा. नोकरी सोडा आणि रानात या असं कोणालाच नाही. उद्या सकाळी ऑफिसला जाऊन करता येईल असं सांगितलंय सगळं.

आज्ञापालनासाठी 1 शमुवेल 15, देवाने सगळं नष्ट करायला सांगितलेलं असताना शौल राजा अमालेकी या शत्रू लोकांची चांगली चांगली मेंढरं मागे ठेवतो आणि म्हणतो देवाला यज्ञ करायलाच तर ठेवलीत. पण हा अध्याय जड आहे, अमालेक्यांना सरसकट मारायचा हुकूम वाचताना मला अजूनही अडखळायला होतं, एकट्याने वाचू नका, पाळक साहेबांना सोबत घेऊन वाचा, प्रश्न विचारा. पश्चात्तापासाठी योनाचं पुस्तकही वाचा, चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं, निनवे शहरात तर पश्चात्ताप म्हणून जनावरांनाही गोणपाट घालतात.

आता पुस्तकाबद्दल. अक्षर मोठं असल्यामुळे रात्री वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही. जाड आहे, पर्समध्ये मावणार नाही, टेबलावरच ठेवायचं. कागद पातळ असतो, त्यामुळे खुणा पेन्सिलनेच करा, हायलायटर नको. भाषा थोडी ग्रांथिक आहे, कॉलेजच्या मुलांना सुरुवातीला जड जाईल, पण मोठ्याने वाचलं की जिभेवर बसते. यात 66 पुस्तकं आहेत, कॅथलिक घरात द्यायचं असेल तर 73 वालं बघून घ्या.

दृढीकरणाच्या (चर्चचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या) वर्गातल्या मुलांना भेट द्यायची असेल तर छोटा साइज घ्या, बॅगेत राहतं. आजी-आजोबांना मात्र हेच द्या, आणि जमलं तर आठवड्यातून एकदा बसून त्यांना लूक वाचून दाखवा, आमच्याकडे आजी मध्येच थांबवून पुढचं वचन स्वतः म्हणते.