बाखचे कॅन्टाटा, मासाआकी सुझुकी, ५५ डिस्क: आठ महिने ऐकल्यानंतर

सुझुकी म्हटल्यावर आमच्या घरात आधी मोटारसायकलच आठवली. हे सुझुकी म्हणजे जपानमधल्या कोबे शहरातले संगीत संचालक. जन्म १९५४चा, बाराव्या वर्षापासून रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. टोकियोत संगीतरचना आणि ऑर्गन शिकले, पुढे ॲमस्टरडॅमला टोन कोपमन यांच्याकडे हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तंतुवाद्य. १९९० मध्ये त्यांनी 'बाख कॉलेजियम जपान' ही वादक-गायकांची मंडळी उभी केली आणि १९९५ ते २०१३ या काळात बीआयएस या स्वीडिश कंपनीसाठी बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचे सगळे धार्मिक कॅन्टाटा, म्हणजे वाद्यमेळासह गायच्या रचना, ध्वनिमुद्रित केले. तो हा संच. जानेवारीत लावायला घेतला, ऑगस्टअखेर संपला.

पहिला बेत वेगळा होता. बाखने हे त्या त्या रविवारच्या उपासनेसाठी लिहिलं, तर आपणही त्या त्या रविवारीच ऐकायचं. सकाळचा तोडी आपण रात्री लावत नाही, तसंच. १ जानेवारीला नववर्षाचा, १९० क्रमांकाचा कॅन्टाटा लावला. दणदणीत वाजला. नंतर पुस्तिका वाचली तेव्हा कळलं, की याच्या पहिल्या दोन भागांचे गायनाचे आणि दोन व्हायोलिनचे कागद तेवढे उरलेत. बाकीच्या वाद्यांचं सुझुकी आणि त्यांचा मुलगा मासातो यांनी नव्याने लिहून भरलंय. मासातो स्वतः संगीतकार, आणि आता याच मंडळीचा प्रमुख संचालक. सांधा मला तेव्हा ऐकू आला नव्हता, अजूनही येत नाही.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, लागला आणि बेत फसला. त्या आठवड्यांत बाख जिथे नोकरीला होता त्या लाइपझिगच्या चर्चमध्ये असलं संगीत बंद असे, म्हणून बाखकडेही त्या रविवारांसाठी जवळजवळ काही नाही. उलट पावसाळ्यातल्या एकेका रविवारी तीन-तीन कॅन्टाटा हजर! शेवटी नाद सोडला आणि पहिल्या डिस्कपासून ओळीने निघाले.

हा संच असाच ऐकावा, असं आता माझं ठाम मत आहे. एक्केचाळिशीत सुरुवात केलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबतो, आणि मधलं सगळं कानाला कळतं. पहिली डिस्क जून १९९५ची, कोबे शोइन महिला विद्यापीठाच्या चॅपेलमधली. जानेवारीत भूकंपाने त्या शहरात हजारो माणसं गेली होती. त्या डिस्कवर चौथ्या क्रमांकाचा कॅन्टाटा आहे, मृत्यू आणि जीवन यांची झुंज सांगणारा. गाणं जपून चाललंय, आवाज कुठे चढत नाही. विसाव्या डिस्कच्या आसपास हात सैल होतो. शेवटी शेवटी तर संथ जागी सुझुकी थांबायला घाबरत नाहीत, आणि जलद जागी मंडळी पळत सुटते तरी एकही शब्द सांडत नाही. जर्मन व्यंजनं इतकी साफ, की पुस्तिकेवर बोट ठेवलं तर ओळ लगेच सापडते. पहिल्या डिस्कवरचे डच बास गायक पेटर कोय पंचावन्नाव्या डिस्कवरही भेटतात. त्या आवाजाचं पिकत जाणं ही वेगळीच मेजवानी.

चॅपेलचा घुमारा मोठा आहे. स्पीकरवर तो खोली भरून टाकतो. बसमध्ये इअरफोनवर मात्र हलके भाग ऐकूच येत नाहीत आणि आवाज वाढवावा तर पुढचा कोरस कानठळ्या बसवतो. मी ज्या ॲपवर ऐकते तिथे दोन भागांच्या मध्ये बारीक खंड पडतो, तो आणखी वैताग. जमलं तर डिस्कच घ्या.

आई भजनी मंडळातली. तिला यातलं अक्षर कळत नाही, पण बहुतेक कॅन्टाटांच्या शेवटी चार आवाजांतलं साधं कोराल, म्हणजे चर्चमधलं भजन, येतं, ते लागलं की स्वयंपाकघरातून विचारते, "झाली का आरती सुरू?" तिचं बरोबर आहे. ती चाल चर्चमधल्या प्रत्येकाला पाठ असायची.

खटकलेलंही आहे. सुरुवातीच्या डिस्कवरचे एकल गायक कमीजास्त आहेत. दुसऱ्या डिस्कवरचे काउंटरटेनर (बाईच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक) योशिकाझु मेरा मला फार आवडले, पण ते पुढे टिकले नाहीत. उत्तरार्धात काही ठिकाणी ज्याँ-फ्राँस्वा मादफ यांचा छिद्रं नसलेला नैसर्गिक ट्रम्पेट आहे. बाखच्या काळी असाच होता हे मान्य, तरी काही सूर तुतारीसारखे वाकडे लागतात. पहिल्यांदा मला वाटलं स्पीकर बिघडला. आणि ज्यांना रक्त उसळायला हवं, त्यांनी इंग्रज संचालक गार्डिनर यांनी केलेले बाखचे कॅन्टाटा ऐकावेत. त्यांनी २००० साली गावोगावच्या चर्चमध्ये हिंडत वर्षभरात ते सादर केले, श्रोत्यांसमोर, चुकांसकट. सुझुकींकडे ती धग कमी, धीर जास्त. रोज ऐकायला मला धीर बरा वाटतो.

सध्या सुझुकींनीच केलेले बाखचे लौकिक कॅन्टाटा लावलेत, १० डिस्क. त्यात कॉफीचं व्यसन लागलेल्या मुलीचा आणि ते सोडवायला निघालेल्या बापाचा एक आहे. आईला गोष्ट सांगितली. तिने चहाचं आधण ठेवलं.