डहाणूच्या वारली चित्रकारांच्या घरी : पॅकेज नको, आपले आपण फिरा

मुंबईत वारली चित्र कुठे नाही ते सांगा. स्टेशनच्या भिंतीवर आहे, सोसायटीच्या गेटवर आहे, कुर्त्यावर, चहाच्या कपावर, लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा आहे. आणि हे सगळं जिथून आलं तो वारली आदिवासींचा डहाणू तालुका आपल्या वेस्टर्न लाइनवरच आहे, २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, तरी मुंबईकर तिकडे जातात ते बीचवर बसायला नाहीतर चिकू आणायला. चित्र बघायला गेलेले फार कमी भेटतात मला, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मत आधीच सांगते, मुंबईजवळ चित्रकाराच्या घरात बसून चित्र बघायची याच्याहून चांगली सोय मला माहीत नाही, फक्त ती कुणाच्या पॅकेजमधून बघू नका.

पॅकेजबद्दल आधी बोलते. एका रिसॉर्टमध्ये आम्ही "वारली अनुभव" घेतला होता, लॉनवर खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकाला एक छापील आकृती दिलेली आणि आपण तिच्यात पांढरा रंग भरायचा. जो मुलगा शिकवायला आला होता तो स्वतः फार सुंदर चित्रं काढत होता, पण त्याला बोलायला वेळच दिला नाही, तासाभरात पुढची बॅच. मुलांना मजा आली असेल, मला मात्र वाईट वाटलं त्या मुलाचं. त्याच्या घरी गेलो असतो तर त्याने काय काय दाखवलं असतं!

आता आपलं आपण कसं फिरायचं ते. डहाणू रोडला उतरून पूर्वेला यायचं, चारोटीकडे जाणारी एसटी नाहीतर शेअर गाडी पकडायची आणि गंजाडला उतरायचं. गंजाड आणि आजूबाजूचे पाडे हा चित्रकारांचा पट्टा. इथल्याच कलंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहायचे, २०११ साली पद्मश्री मिळालेले, २०१८ ला गेले. त्यांची मुलंही चित्रकार आहेत. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, नकाशा नाही. काही घरांवर बोर्ड आहेत, बाकीच्यांसाठी रस्त्यात कुणालाही "चित्रं काढतात ते घर कुठलं" विचारा, हातातलं काम टाकून दाखवायला येतात. फक्त एखाद्या चित्रकाराचा नंबर ओळखीतून मिळाला तर आदल्या दिवशी फोन करा, कारण ही त्यांची घरं आहेत, दुकानं नाहीत. पाड्यापाड्यांमध्ये चालायची तयारी ठेवा नाहीतर गंजाडवरून एखादा रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवा, आई बरोबर होती म्हणून आम्ही रिक्षाच केली आणि ते बरंच झालं, ऊन मरणाचं असतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बसलो ते एका आजींकडे. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेणमातीचं सारवण, त्याच्यावर गेरू. त्या भिंतीवर नातीच्या लग्नात काढलेला चौक, म्हणजे चौकोनी चित्र, अजून होता, थोडा पुसट झालेला. आपण वारली म्हटलं की तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती गोल नाचतात) आठवतो, पण मूळ चित्र म्हणजे हा चौक. लग्नाच्या वेळी सवासिनी काढतात, मधे पालघट देवी, बाजूच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव, चारी बाजूंनी नक्षीची पट्टी इतकी बारीक की जवळ जाऊन बघावं लागतं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. आजी म्हणाल्या, "चौक नाय तर देवी येल कशी?" रंग म्हणजे तांदूळ भिजवून वाटलेलं पीठ, ब्रश म्हणजे बांबूची काडी टोकाला चावून मऊ केलेली. त्यांनी आईच्या हातात काडी दिली आणि आईने तिथेच जमिनीवर रांगोळीसारखं काहीतरी काढलं, मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या त्या थांबेचनात, एकीचं वारली एकीचं आपलं मराठी, कुणाचं काही अडलं नाही.

म्हणजे बघा, ही मुळात बायकांची कला. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, तेव्हा भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. जिव्या म्हसे पुरुष असून रोज चित्रं काढायचे, लग्न असो नसो, आणि त्यांनी चौकाच्या बाहेरचं जग त्यात आणलं, मासे पकडायची जाळी, मुंग्या, शेत, झाडं. मग पुरुष यात आले, विक्री सुरू झाली, प्रदर्शनं झाली, आणि नाव बहुतेक पुरुषांचंच झालं. पाड्यावर फिरताना मी मुद्दाम घरातल्या बायकांना विचारत होते की तुम्ही काढता का, बऱ्याच हसून आधी नवऱ्याकडे बोट दाखवायच्या आणि थोड्या वेळाने आतून स्वतःचं कापड घेऊन यायच्या. तुम्हीही विचाराच, मी घेतलेलं सगळ्यात छान चित्र असंच आतून आलेलं आहे.

दुसऱ्या एका घरी तरुण चित्रकार भेटला, घर पक्कं, विटांचं, वर पत्रा, भिंतीला ऑइल पेंट. चित्रं सगळी मांजरपाटावर, गेरूचा हात दिलेला आणि वर पांढरा पोस्टर कलर. काहीजण म्हणतील हे अस्सल नाही, मला नाही पटत. त्याच्या एका चित्रात लोकल होती, विरार फास्ट म्हणाला, दारात लोंबकळणारी त्रिकोणी माणसं आणि खाली शेतात भात कापणारी त्रिकोणी माणसं, एकाच कापडावर. त्याचा भाऊ मुंबईला कामाला जायचा. मी कितीतरी वेळ बघत होते ते.

त्रासाच्या गोष्टी पण आहेत. पाट्या नसल्याने वेळ जातो, जेवायची हॉटेलं मेन रोड सोडला की नाहीत (डबा आणि पाणी घरूनच न्या), बायकांसाठी टॉयलेटचा प्रश्न आहे, तो चारोटीला किंवा डहाणूलाच सुटतो. काही घरांत ढिगाने सारखीच चित्रं दिसतात, तोच गोल नाच, तेच झाड. विचारलं तर कळतं की शहरातल्या व्यापाऱ्याची तशीच ऑर्डर असते, मागतील ते द्यावं लागतं. त्यावरून नाराज होऊन निघून जाऊ नका, "तुमच्या मनाने काढलेलं दाखवा" म्हणा, ट्रंकेतून वेगळंच काहीतरी निघतं.

आणि हात जोडून सांगते, घासाघीस करू नका. छोटं चित्र शंभर-दोनशेपासून मिळतं, मोठ्या कापडाचे काही हजार होतात, आणि त्या कापडावर माणूस आठवडेच्या आठवडे बसलेला असतो. तेच चित्र मुंबईत फ्रेममध्ये घालून कितीला विकतात ते आपल्याला माहितेय. २०१४ साली वारली चित्रांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगलंच झालं, पण चित्रकाराच्या हातात थेट पैसे देण्याची सर कशाला नाही. काही न घेता नुसतं बघायचं असेल तरी कुणी तोंड वाकडं करत नाही, चहा येतोच, फोटो मात्र विचारूनच काढा.

कधी जायचं? पहिल्या पावसात नको, सगळे आवणीत (भातलावणीत) असतात, घरी कुणी भेटणार नाही. भात तयार व्हायला लागलं की जा, तेव्हा तारपा पण वाजत असतो, नशीब असेल तर नाच बघायला मिळेल. चैत्र पौर्णिमेपासून चारोटीजवळच्या महालक्ष्मीची जत्रा असते, तेव्हा त्या रस्त्यावर गाड्यांची भयंकर गर्दी. घेतलेलं कापड घडी घालून बॅगेत कोंबू नका, घडीवर रंग तडकतो, घरून पुठ्ठ्याची नळी न्या आणि गुंडाळून आणा. परतीच्या थेट लोकल मोजक्याच आहेत, त्यांची वेळ सकाळी स्टेशनवरच बघून ठेवा, नाहीच जमलं तर विरारला गाडी बदलून या.