कॅन्सरवरचा संशोधन पेपर कुठे द्यायचा: ओपन ॲक्सेस की सबस्क्रिप्शनवालं जर्नल?

सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलमध्ये लेखकाला सहसा फी नसते, पैसे वाचणारा भरतो. ओपन ॲक्सेसमध्ये सहसा उलटं, वाचणाऱ्याला लेख फुकट खुला असतो, पण पेपर स्वीकारला की लेखकाकडून फी घेतात आणि ती चांगलीच जड असते, पण गरीब देशांतल्या लेखकांना बरीच जर्नल्स ती माफ करतात किंवा कमी करतात, त्यामुळे सबमिट करायच्या आधीच विचारून घ्या.

मला स्वतःला ओपन ॲक्सेसच पटतं. रात्री दोन वाजता आईचा बायोप्सी रिपोर्ट समोर ठेवून मुलगी औषधाची माहिती शोधत असते, ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे लेखाचा सारांश वाचते आणि खाली येतं 'पूर्ण लेखासाठी पैसे भरा', तेव्हा फार वाईट वाटतं हो! आणि छोट्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरचंही तेच, साइड इफेक्टचा टेबल नेमका कुलपाआड. सीसी बाय लायसन्स (मूळ लेखकाचं नाव देऊन वापरायची खुली परवानगी) असेल तर तोच टेबल नाव देऊन कुणीही भाषांतर करून वापरू शकतं.

दर्जाचं म्हणाल तर पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, दोन्हीकडे असतो. बीएमसी कॅन्सर हे जर्नल २००१ पासून ओपनच आहे. हां, पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस जर्नल्स मात्र ओपन ॲक्सेसच्या नावाखाली भरपूर आहेत, म्हणून डीओएजेमध्ये (ओपन ॲक्सेस जर्नल्सची तपासलेली यादी) नाव आहे का आणि मेडलाइनमध्ये (वैद्यकीय लेखांची सूची) इंडेक्स होतं का ते बघाच.

फीला पैसेच नसतील तर सबस्क्रिप्शनवाल्यात द्या, पण स्वीकारलेली प्रत रिपॉझिटरीत (लेख खुले ठेवायच्या ऑनलाइन संग्रहात) टाकायची परवानगी कधीपासून मिळते ते करारात वाचा, कुठे लगेच मिळते तर कुठे वर्षभर थांबवतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा निधी असेल तर १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेले पेपर छापून आले की लगेच पबमेड सेंट्रल या मोफत ऑनलाइन संग्रहात खुले करावेच लागतात.