फोटोशूटच्या आधी प्रश्न विचारायची सवय: नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिने झाले म्हणून आता लिहितेय. कपल आणि फॅमिली पोर्ट्रेट मी आधीपासूनच करते, पण प्रत्येक शूटच्या आधी बसून प्रश्न विचारायचे, उत्तरं वहीत लिहायची आणि जागा, वेळ, लेन्स सगळं त्या उत्तरांवरून ठरवायचं, हे नऊ महिन्यांपूर्वी सुरू केलं. तेव्हापासून एकवीस शूट झालेत. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, आता कुठे काय जमतं आणि काय फसतं ते नीट सांगता येईल.

आधी मी पोझ सेव्ह करून ठेवायचे. कपाळाला कपाळ, मागून मिठी, मुलाला हवेत उडवणं, तेच सगळं. फोटो सुंदर यायचे, खोटं कशाला सांगू. पण एका ताईंनी अल्बम बघता बघता अगदी सहज म्हटलं, "छान आलेत गं, पण आम्ही असे कधी उभेच राहत नाही." त्या रात्री मी जुने फोल्डर उघडून बसले आणि खरंच, माणसं बदलली तरी फोटो तोच होता.

मग प्रश्न काढले. दिवसात सगळे एकत्र असे कधी असता? एकमेकांसाठी न सांगता कोण काय करतं? फोटो कुठे लावणार आहात? लहान मूल असेल तर ते कधी झोपतं, कधी चिडतं? स्वतःच्या फोटोत कोणाला काय खटकतं? आणि या फोटोत असायला हवं होतं पण नाहीये, असं कोणी आहे का?

पहिले दोन महिने हे मी ऑनलाइन फॉर्म करून पाठवलं, आणि ती सपशेल चूक होती. उत्तरं काय यायची तर "नॅचरल हवेत", "कँडिड", "तुम्ही ठरवा". त्यांची काहीच चूक नाही, टाइप करताना माणूस असाच आटोपतं घेतो. त्याहून वाईट म्हणजे तो शेवटचा प्रश्न एका घरात फार वाईट वेळी पोचला, त्यांच्याकडे नुकतंच कोणीतरी गेलं होतं आणि मला माहीतच नव्हतं. मी फोन करून माफी मागितली, फॉर्म बंदच केला. आता फक्त फोनवर, साधारण अर्धा तास, आणि तो प्रश्न समोरचा माणूस मोकळा बोलायला लागला तरच, नाहीतर नाहीच.

फोनवर खरं काय ते निघतं. एका वयस्कर जोडप्याच्या मुलीशी बोलत होते, तिला विचारलं आई-बाबा एकमेकांसाठी काय करतात, तर म्हणाली काही विशेष नाही हो, दोघं कमी बोलतात. मग जरा थांबून म्हणाली, आईला पायऱ्या नीट दिसत नाहीत आता, तर बाबा एक पायरी खाली उभे राहतात. बस, जागा ठरली, पायऱ्या. शूटच्या दिवशी मी काकांना काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं खाली या दोघं. ते एक पायरी उतरले, वळले, तळहात वर करून नुसता धरून ठेवला, आणि काकूंनी न बघताच त्यावर हात टेकला, चार बोटं, अंगठा बाहेर. कॅमेऱ्याकडे दोघांचं लक्षच नव्हतं. तो फोटो त्यांच्या मुलीने मोठा करून घेतला, आणि माझ्या नऊ महिन्यांतला हा सगळ्यात आवडता.

तांत्रिक बाजूवर पण याचा परिणाम झालाय, जो मला अपेक्षित नव्हता. मी आधी ८५ एमएमची लेन्स घेऊन सरसकट एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक खूप मोठं उघडून चालवायचे, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. पण फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ एमएम, दोन मीटर अंतर आणि एफ १.८ असेल तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीतलंच शार्प येतं. एकटा माणूस असेल तर ठीक, पण दोघं एकमेकांत गुंतलेले असतील आणि ते स्वतःहून हलत असतील तर एकाचा डोळा शार्प आणि दुसऱ्याचा मऊ, हमखास. पोझ देऊन उभं केलं की हे झाकलं जायचं. आता तीन मीटर अंतरावर जाते आणि एफ ५.६ ठेवते, म्हणजे भोक लहान, मग चाळीसेक सेंटिमीटर मिळतात, माणसं मोकळी हलू शकतात. पायऱ्यांचा फोटो असाच आलाय. धावणारं मूल असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, थोडा नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, चालतो, हललेला चेहरा नाही चालत.

आणि गोल्डन अवर. सूर्य क्षितिजाजवळ आला की उजेड वातावरणाच्या जास्त जाड थरातून येतो, निळा रंग वाटेतच विखुरतो, म्हणून तो सोनेरी मऊ प्रकाश, हे सगळं खरं आणि मला तो प्रचंड आवडतो. पण दोन वर्षांच्या मुलाची संध्याकाळची कुरकुर नेमकी तेव्हाच सुरू होते! दोनदा हट्टाने तीच वेळ घेतली आणि दोन्ही वेळा रडका चेहरा सोनेरी उजेडात मिळाला. आता मूल ज्या वेळी खुश असतं ती वेळ, मग ऊन डोक्यावर असलं तर सरळ घरात खिडकीपाशी. खिडकीचं एक लक्षात ठेवा, जितकं लांब जाल तितका उजेड झपाट्याने कमी होतो, त्यामुळे पाच जणांची रांग खिडकीपासून आत आत नेली तर पहिला पांढराफटक आणि शेवटचा अंधारात. रांग खिडकीला समांतर ठेवा.

फोटो कुठे लावणार हा प्रश्न मला आधी फालतू वाटायचा, आता तो पहिला विचारते. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर साधारण २० बाय १३ इंच. एका कुटुंबाला सोफ्यामागच्या पूर्ण भिंतीसाठी हवा होता आणि मी तो निम्मा क्रॉप करून बसले होते. लांबून बघायला चाललं, पण जवळ गेलं की मला दिसतं. आधी विचारलं असतं तर फ्रेममध्येच नीट बसवलं असतं.

तोटे पण सांगते. वेळ जातो, फोन, वही, कधी आधी जागा बघून येणं. काही लोकांना हे नकोच असतं, त्यांना चार नीट फोटो हवे असतात आणि तेही योग्यच आहे, त्यांना मी खोदून विचारत नाही. आणि कधी कधी फोनवर सांगितलेली गोष्ट तिथे करून दाखवायला लावली की ती लगेच नाटकी होते. एका बाबांना मी म्हटलं, तुम्ही रोज जशी घालता तशी मुलीची वेणी घाला, तर ते अवघडूनच गेले. शेवटी कॅमेरा खाली ठेवला, म्हटलं तिचे केस सुटलेत जरा बघता का, आणि मी लेन्सची टोपी शोधत राहिले. दोन मिनिटांनी बघते तर रबर दातात, कंगवा काखेत, आणि मुलगी मान तिरकी करून काहीतरी सांगतेय.

निकोलस निक्सन नावाच्या फोटोग्राफरने १९७५ पासून स्वतःची बायको आणि तिच्या तीन बहिणींचा दर वर्षी एक असा फोटो काढला, उभं राहायचा क्रम कायम तोच. मला त्यातला क्रमच भावला, बाकी चेहरे, केस, कोण कोणाला टेकतंय ते सगळं आपोआप बदलत जातं. म्हणून परत येणाऱ्या कुटुंबांचा एक फोटो मी आता आधीच्याच जागी, आधीच्याच क्रमाने काढणार आहे, वहीत अंतर आणि उंची लिहून ठेवलीय.

ते वेणीवाले बाबा पुढच्या महिन्यात परत येतायत. कालच फोन झाला, मुलगी मध्येच येऊन म्हणाली मावशी मला आता वेणी स्वतःची स्वतः येते. मी ते वहीत लिहिलं आणि बाबांना विचारलं, मग सकाळी ती वेणी घालते तेव्हा तुम्ही काय करता? म्हणाले, आरसा धरतो.