हॉप्सनी प्यायलेली बिअर: सात महिन्यांचा हिशेब

मी घरी बिअर करतो, त्यातल्या आधी बाटल्यांचं बोलू. 20 लिटरची रेसिपी म्हणजे अर्ध्या लिटरच्या 40 बाटल्या. माझ्या पहिल्या बॅचच्या भरल्या 29. अकरा बाटल्या गेल्या कुठे?

रेसिपी पंक आयपीएची, म्हणजे भरपूर हॉप्सच्या एका कडवट बिअरची. ब्रूडॉग या स्कॉटिश बिअर कंपनीने 2016 साली आपल्या दोनशेहून जास्त बिअरच्या रेसिपी फुकट वाटून टाकल्या, त्याही घरच्यासाठी 20 लिटरला बेतून. फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडतोय! (मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथे स्वतःपुरती केली तर परवाना नाही, कर नाही. विकायची मात्र नाही. पुणेकर मित्रांनो, तुम्ही नुसतं वाचा. तिकडे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे.) यंत्र 30 लिटरचं, माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भिजवणं आणि उकळणं एकाच भांड्यात. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पंप एकदा तुंबला एवढंच.

तुंबला तोही हॉप्सनीच, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांनी. त्यांच्या या दाबलेल्या हिरव्या गोळ्या पाण्यात पडल्या की साबुदाण्यासारख्या फुगतात. उकळताना एक हप्ता, आंबून झाल्यावर वासासाठी न उकळता घालायचा (ड्राय हॉपिंगचा) दुसरा, आणि दोन्ही वेळा तळाशी बसून बिअर पितात. दुसऱ्या बॅचला मी तो गाळ फडक्यात बांधून चक्क्यासारखा पिळला. दोन बाटल्या जास्त मिळाल्या. पिळताना हवा लागली ती लागलीच. तीन आठवड्यांत सगळी बॅच तपकिरी, चव ओल्या पुठ्ठ्याची. दोन वाचवायला गेलो आणि 31 घालवल्या.

शिवाय घशाला खरखरणारा कडूपणा. तीन बॅचेस माझं ठाम मत होतं की हे ब्रुअर खरी गोम सांगतच नाहीत.

मत बदललं ते चहाच्या किटलीतला पांढरा थर पाहून. इथलं पाणी चुन्याचं. अशा पाण्यात फिकट माल्ट भिजवला की पुरेसा आंबटपणा तयार होत नाही आणि सालीतला तुरटपणा बिअरमध्ये येतो. रेसिपी बिचारी सरळ होती, माझा नळ वाकडा. आता थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड घालतो, नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवायला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी. खर्च काही पेन्स.

त्याच पाण्यात काहीही न घालता स्टाउट ही काळी बिअर केली, आणि काय सांगू! काळ्या भाजक्या माल्टचा स्वतःचा आंबटपणा चुन्याला पुरून उरतो. लंडनची पोर्टर, तीही काळी बिअरच, अशाच पाण्यावर मोठी झाली, हे नंतर कळलं. शिवाय हॉप्स मूठभर, म्हणून बाटल्या 37! बायकोने पहिल्यांदाच दुसरा ग्लास मागितला. उरलेल्या माल्टच्या चोथ्याचं थालीपीठ मात्र करू नका, साल टोचते.

मध्यंतरी आयपीए परत लावली होती, 40 च्या 40 बाटल्या मिळाव्यात म्हणून माल्ट-हॉप्स-पाणी सगळं 24 लिटरच्या हिशेबाने वाढवून. आज 38 भरल्या. उरलेल्या दोन आंबवायच्या भांड्याच्या तळाशी हिरव्या चिखलात दिसतायत. फडकं बायकोने लपवलंय.